ज्याचं त्याचं पोट

तर झालं काय, चिमणीने सशाला गाजर दिलं आणि ढेकर दिला हत्तीने.

चिमणी म्हणजे ऑफिसातली सगळ्यात नवी पोरगी. तिची नोकरी पक्की व्हायची होती आणि ती ठरणार होती तिने कॉम्प्युटरवर बनवलेल्या या प्राण्यांच्या गेमवर. जेवणानंतर मोठ्या मॅडम बघायला येणार, आणि इकडे एका गाजरात हत्ती, सिंह, साप सगळे तुडुंब.

"काय काटकसर आहे," शेजारचा दाढीवाला म्हणाला. "एकाने खायचं, बाकीच्यांनी आडवं व्हायचं."

"दादा, हसू नकोस ना. सकाळपासून डोकं फोडतेय."

"बरं, भूक कुठे ठेवलीस?"

"कुठे म्हणजे? 'प्राणी' नावाचा एक साचा केलाय, त्यातूनच सगळे काढलेत. खाणं, झोपणं, भूक, सगळं साच्यातच..." बोलता बोलता तिने जीभ चावली. "अगं बाई. अख्ख्या जंगलाला मी एकच पोट दिलंय."

खाणं-झोपणं साच्याकडून वारशात मिळालं, ते बरोबरच होतं. पण भूक ज्याची त्याला हवी ना. जेवण राहिलं बाजूला, बाह्या सरसावून बसली. प्रत्येकाला खायची आपापली ढब शिकवली, स्वतःचं पोट दिलं, वर कुलूप घातलं. बाहेरच्याने आत हात घालायचा नाही, नुसतं 'खा'चं बटण दाबायचं. आत काय चालतं याच्याशी बटणाला काय करायचंय?

मॅडम आल्या. त्यांनी 'खा' दाबलं. बटण एकच, पण सशाने कुरतडलं, सापाने गिळलं, हत्तीने सोंडेने तोंडात टाकलं. ज्याचा ढेकर त्यानेच दिला.

"आणि उंट?" मॅडम म्हणाल्या. "आमच्या नातीला उंट लागतो."

दाढीवाल्याने कपाळाला हात लावला.

"बसा ना मॅडम," चिमणी म्हणाली, "तुमचा चहा संपेपर्यंत होतो."

आणि झाला की. साचा तयारच, खाणं-झोपणं आयतं मिळालं, तिने उंटाला चघळायची ढब तेवढी शिकवली. कपात घोटभर चहा उरला असताना उंट कुबडासकट हजर, जबडा तिरका फिरवत चघळतोय. मॅडम इतक्या हसल्या की चहा सांडला.

"पक्की तू," त्या म्हणाल्या. "उद्या जिराफ कर."

त्या गेल्यावर दाढीवाला म्हणाला, "जिराफाला पोट वेगळं दे हं."

"ते देते रे. आधी मला काहीतरी खायला दे. तू जेवलास म्हणून माझं भरलं नाहीये."