खुरावरचा कंगोरा

लवंगच्या उजव्या पुढच्या खुरावर, केसांची रेषा संपते तिथून बोटभर खाली, एक कंगोरा होता. खुराचा रंग गडद आणि त्यावर वाळलेला चिखल, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो सहज दिसला नसता. पण अंगठ्याचं नख वरून खाली सरकवलं की एका जागी अडकायचं. पुढच्या बाजूला कंगोरा बारीक होता, टाचेकडे जाता जाता रुंद होत गेला होता. डाव्या पुढच्या खुरावर तसाच, त्याच उंचीवर. मागच्या दोन्ही खुरांवर काही नव्हतं.

तो मला दिसला नव्हता, नालबंदकाकांना दिसला. सोमवारी सकाळी ते दीड महिन्याच्या फेरीला आले होते. घोडीचा पाय मांड्यांमध्ये धरून कानस चालवता चालवता थांबले आणि तोंडातले खिळे काढून मुठीत घेतले. काका खिळे तोंडातून काढतात ते एकतर चहासाठी, नाहीतर वाईट बातमीसाठी. चहा नुकताच झाला होता.

"हिला चंदी कोण घालतं?"

"दोघी," बाबा म्हणाले. ते उलट्या बादलीवर बसले होते. कंबर गेल्यापासून तबेल्यातली त्यांची जागा तीच. "सकाळी मोठी, संध्याकाळी धाकटी. का हो?"

"दाणा जास्त झालाय. आत्ता नाही, मागे कधीतरी. आठ-दहा दिवस सलग. खुराच्या आत सूज येऊन गेलीय." त्यांनी माझा अंगठा धरून कंगोऱ्यावर टेकवला. "मागच्या फेरीला हा केसांखाली असणार. आता वाढून खाली आलाय."

"लंगडत तर कधी नव्हती," मी म्हणाले.

"लंगडली असती तर मला फोन आला असता. थोडक्यात निभावलं. पण पुन्हा झालं तर आतलं हाड खाली सरकतं, ताई. मग घोडी पायावर उभी राहत नाही. मग मला बोलावून उपयोग नाही."

मग बाबांनी धाकटीकडे बघितलं. मी खराऱ्याचा ब्रश झटकत उभी होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

"मी?" धाकटी म्हणाली. "बाबा, मी एक गाजर दिलं तरी ताई त्याचं वजन करते."

"गाजराचं कोण विचारतंय? लहानपणापासून तुझा हात सैल. लाड करायचेत तर नवऱ्याचे कर."

"त्यांना चंदी मानवत नाही."

काका हसले. बाबा हसले नाहीत. लवंगने मान वळवून धाकटीच्या खिशाला नाक लावलं, आणि ते बघून बाबांचा चेहरा आणखी आंबट झाला.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आत कुठेतरी गार पाणी सुटल्यासारखं. लबाडी नव्हती त्यात. त्या वेळी मलाही वाटत होतं की हे तिचंच काम.

"हे बघा," काका पाय खाली सोडत म्हणाले, "दाणा महिनाभर बंद. गवत भिजवून द्या. खाली पेंढा जाड घाला. आणि यापुढे हिचं खाणं एकाच हातात. एकीने घातलं, दुसरीला माहीत नाही, असं चालायचं नाही. कोणाचा हात ते तुम्ही ठरवा."

"मोठी ठरवेल," बाबा म्हणाले. "तबेला ती चालवते." मग धाकटीकडे वळून, "आणि तुझं काय? शनिवारी सांगायचंय ना त्यांना?"

"ताई सांगेल तसं," धाकटी म्हणाली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं रायडिंग स्कूल आहे. चाळीस घोडे, त्यांना बांधायला पक्क्या फरशीची ठाणं, गरम पाण्याचे नळ. तिथे धाकटीला नोकरीला बोलावलं होतं, शनिवारपर्यंत कळवायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिने मला विचारलं होतं, "ताई, राहू की जाऊ? तू म्हणशील तसं करते." आमच्या सहा घोड्यांत दोन माणसांचं काम आहे आणि दोन माणसांची भांडणंही. मी म्हणाले होते, "बघू." दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तेव्हाही बघू. बाबा त्यावर म्हणाले होते, "बघ बघ. घोडामैदान जवळच आहे."

न सांगण्याचं कारण मला माहीत होतं. ते सांगायला मी लाजत होते.

लवंग चार वर्षांची असताना आली, त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत तिचे खूर रोज मी साफ केले. आधी डावा पुढचा, मग डावा मागचा, मग उजवीकडे. चारही पायांना सहा मिनिटं. पाय उचलायला मला खांदा तिच्या अंगाला टेकवून पोटरीमागची शीर चिमटीत दाबावी लागते. पोटात कळ आली तेव्हा पाच तास तिला मी फिरवलं. गेल्या वर्षी धाकटीच्या नवऱ्याची बदली होऊन ती इकडे परत आली आणि तबेल्यात यायला लागली. चौथ्याच दिवशी ती लवंगशेजारी उभी राहून नुसतं "हं" म्हणाली आणि घोडीने पाय उचलून दिला. जसा एखादा माणूस हात पुढे करतो तसा.

तेही मी सोडून दिलं असतं. पण मग हाक सुरू झाली. घोडं मोठ्याने खिंकाळतं ते कोणासाठीही. एक दुसरा आवाज असतो, ओठ मिटलेले, नाकपुड्या थरथरत्या, घशातल्या घशात घोळवलेला. घोडी शिंगराला हाक मारते तो. धाकटी फाटकातून आत आली की लवंग तो आवाज काढायची. मी आले की कान पुढे करायची आणि माझ्या हातात काय आहे ते बघायची. एका महिन्यात मी मोजलं: धाकटीला त्रेचाळीस वेळा, मला सहा. त्या सहातल्या चार वेळा माझ्या हातात बादली होती.

मोजण्यासारखी गोष्ट नाही ती, कळत होतं. तरी मोजलं.

सोमवारी दुपारी सगळे गेल्यावर मी कपाटातून मिलिमीटर मोजायचा व्हर्निअर काढला. कॉलेजमधला आहे, अजून व्यवस्थित चालतो. मला पुरावा हवा होता. दाणा नेमका कधी जास्त झाला ते कळलं, त्या दिवसांत संध्याकाळची चंदी धाकटीच घालत होती हे दाखवता आलं, की मला काही ठरवावंच लागणार नव्हतं. मी शांत आवाजात म्हणू शकले असते, "अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगते, तू तिकडे जा."

केसांच्या रेषेपासून कंगोऱ्यापर्यंत अठरा मिलिमीटर. तीनदा मोजलं. लवंगचा खूर महिन्याला नऊ मिलिमीटर वाढतो. दर फेरीला मी ते ठाणाच्या दारामागे खडूने लिहून ठेवते. अठराला नऊने भागायला व्हर्निअर लागत नाही.

दोन महिने. मी चंदीच्या खोलीत जाऊन कॅलेंडरचं पान मागे उलटलं. तिथे सलग अकरा चौकोनांत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: धाकटी नाही.

तिच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती अकरा दिवस सासरी होती.

मी गोणीवर बसले. हे विसरले होते असं म्हणणं खोटं ठरेल. मी ते मनात कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, एवढंच. ती गेली त्या दिवशी संध्याकाळी लवंग फाटकाकडे बघत उभी राहिली आणि तिने गवताला तोंड लावलं नाही. मी जवाचं एक माप जास्त घातलं. तिने खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आणखी एक, मधल्या वेळचं, माझ्या हातून, तळहातावर. तिसऱ्या दिवशी चार वाजता तिने मला हाक मारली. घशातल्या घशात. त्यानंतर रोज चारला दोन मापं. मला हिशेब येतो, घोड्याच्या वजनाला किती दाणा ते तोंडपाठ आहे, नव्या माणसांना मीच ते शिकवते. आणि तरी अकरा दिवस मी जास्तीचा दाणा घालत राहिले.

बाराव्या दिवशी धाकटी परत आली. मी लवंगच्या शेजारीच उभी होते, हातात बादली होती. धाकटी अजून रस्त्यावरच होती, फाटकालाही पोचली नव्हती, आणि घोडीने बादली सोडून मान वर केली.

व्हर्निअर पुसून मी कपाटात ठेवला. त्या संध्याकाळी काही बोलले नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी मी पिंपात गवत भिजवत होते. तासभर भिजवायचं, मग निथळून द्यायचं. धाकटी ठाणात पेंढा पसरत होती. सोमवारपासून ती लवंगच्या खाण्याच्या जवळपासही फिरकत नव्हती. बादली उचलून आणायची झाली तरी मला हाक मारून सांगायची, "ताई, रिकामी आहे गं, बघून घे." घोडी तिच्या मागे मागे तोंड नेत होती आणि ती हाताने ते बाजूला करत होती.

"ताई," ती पाठमोरीच म्हणाली, "मी दोन दिवस विचार करतेय. मीच असणार."

"काय तूच?"

"दाणा. एकदा-दोनदा घाईत निघाले तेव्हा तू आधीच घातलाय का ते विचारलं नाही. गोणीचं तोंडही उघडं राहिलं असेल. मला नीट आठवत नाही, पण दुसरं कोण असणार? तू तर चमचा मोजून घालतेस."

मी पिंपातलं गवत खाली दाबलं. ते वर आलं. पुन्हा दाबलं.

"बाबांचं काय मनावर घेतेस," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

"बाबांचं नाही. काका म्हणाले ना, पुन्हा झालं तर उभी राहणार नाही. माझ्या हातून तसं झालं तर?" तिने फावडं भिंतीला टेकवलं. "मी जातेच तिकडे. तू तीन आठवडे काही बोलत नाहीयेस, त्याचा अर्थ काय ते न कळायला मी काही कुकुलं बाळ नाही. शनिवारी हो सांगते."

हे मला हवं होतं. न मागता मिळालं होतं, आणि वर माझ्यावर कसला आळ नाही. त्या रात्री मी नीट झोपले, हेही सांगायला हवं. गुरुवारी चारही खूर साफ केले, कान लावून लवंगच्या पोटाचे आवाज ऐकले, सगळं ठीक होतं. तिने माझ्या हाताकडे बघितलं. हात रिकामा होता. तिने तोंड फिरवलं आणि फाटकाकडे बघत उभी राहिली. धाकटी यायला अजून तासभर होता.

शुक्रवारी धाकटी आलीच नाही. फोन करून म्हणाली, "सवय झालेली बरी, मलाही आणि तिलाही." लवंगने भिजवलेलं गवत अर्धं ठेवलं. चार वाजता मी चंदीच्या खोलीत गेले. गोणीचं तोंड सोडलं. माप आत घातलं, भरलं. फक्त मूठभर, मी स्वतःला सांगत होते, उपाशी राहण्यापेक्षा बरं. काका म्हणाले होते महिनाभर बंद, आणि आज पाचवा दिवस होता. माझं मनगट बघून मलाच भीती वाटली. मी माप उपडं केलं, गोणी बांधली आणि खोलीला बाहेरून कडी घातली. जणू आत दुसरंच कोणी होतं.

शनिवारी दहाच्या सुमारास धाकटी आली, हातात फोन. बाबा बादलीवर होते. लवंगने हाक मारली. चव्वेचाळीसावी की कितवी, आता मोजणं सोडलं होतं.

"अकराला त्यांना फोन करायचाय," धाकटी म्हणाली. "म्हटलं इथूनच करावा."

"कर, कर," बाबा म्हणाले. "तिकडे तरी जरा हात आखडता ठेव. चाळीस घोड्यांचे पाय सुजले तर नालबंद मिळायचा नाही."

ती हसली, पण डोळे भरले होते. ती फोनवर नंबर शोधायला लागली.

"बाबा, तिला बोलू नका," मी म्हणाले. "तो दाणा मी घातलाय."

बाबांनी कानामागे हात नेला. त्यांना ऐकू चांगलं येतं.

"मी मोजलं. दोन महिन्यांपूर्वीचं आहे. ही तेव्हा सासरी होती, अकरा दिवस. मी रोज दोन मापं जास्त घालत होते."

"तू?" धाकटी म्हणाली. "तू कशाला घालशील?"

"तिने मला हाक मारावी म्हणून."

हे बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, कोणाला औषधाचं प्रमाण सांगावं तसा. बाबा आधी माझ्याकडे, मग घोडीकडे बघत राहिले. "हात्तिच्या," ते हळूच म्हणाले. "म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं."

धाकटी हसली नाही. "कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

"सोमवारी! आणि बुधवारी मी तुझ्यासमोर उभी राहून गोण्यांची तोंडं आठवत होते, तेव्हा तू गवत दाबत बसलीस? पाच दिवस मी बाबांची बोलणी खाल्ली, ताई. दोन रात्री मी झोपले नाही. मला वाटलं मी या जनावराला मारलंच असतं."

"हो."

"हो काय! काहीतरी बोल ना. नेहमी नुसतं हो, नाहीतर बघू."

तिचा अंगठा अजून फोनवर होता. लवंगने दारावरून मान पुढे काढून तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली, आणि मला धाकटीचा पुन्हा तेवढाच हेवा वाटला. तो थांबेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नव्हता.

"जाऊ नकोस, राहा," मी म्हणाले. "आणि लवंगचं खाणं आजपासून फक्त तू घालायचंस. मी नाही."