कवळीवाल्याच्या नावावरची पावलं

कवळीवाल्याचा फायदा सरळ होता: दर अर्ध्या तासाला जागचं उठायचं नाही, आणि उठल्याचं श्रेय मात्र पुरेपूर घ्यायचं. बायकोचाही फायदा होता, म्हणून तर ती तयार झाली. चाळीस वर्षं हा माणूस दिवसाचे दहा तास दुकानात असायचा, म्हणून उरलेले चौदा सुसह्य होते. तो घरी बसला असता, तर डब्यांची झाकणं घट्ट लागलीत की नाही इथपासून तपासणी सुरू झाली असती. मुलाचा फायदा असा, की दुसऱ्या शहरात बसून त्याला फोनवर बाप ठणठणीत दिसत होता. तिघांनाही परवडेल असा व्यवहार सहसा जुळत नाही. इथे जुळला, कारण ज्याच्या जिवावर तो चालायचा होता त्या हृदयाला कुणी विचारलंच नव्हतं.

ते हृदय एकदा दगा देऊन झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि पेन खाली ठेवून सांगितलं, की गोळ्या घ्याच, पण हे तासन्‌तास बसणं मोडा. अर्ध्या तासानं उठायचं, दोन-तीन मिनिटं चालायचं, मग पुन्हा बसायचं. सकाळी फेरफटका मारला म्हणून दिवसभर स्टुलाला चिकटायची परवानगी मिळत नाही. कवळीवाल्यानं मान डोलावली. कवळी घरी नेऊन वाटीत ठेवणारी गिऱ्हाइकं डोलावतात, तशी.

मुलानं बापाच्या मनगटावर नवं घड्याळ बांधलं. ते अर्ध्या तासानं थरथरायचं, पावलं मोजायचं आणि आकडे मुलाच्या फोनवर पाठवायचं. अट एकच होती: तीन महिने आकडे नीट आले तर दुकान चालू, नाहीतर कुलूप.

दोन दिवस त्यानं प्रामाणिकपणे केलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण दात बसवायचे ते मेण कोमट आहे तोवरच. पुढचे चार जागेवर आले, की नेमकं घड्याळ थरथरायचं. दारापर्यंत जाऊन यावं, तर मेण घट्ट झालेलं. पुन्हा दिव्यावर धरलं, की बसवलेले दात हलायचे. तिसऱ्या दिवशी गाण्याच्या एक निवृत्त बाई आल्या आणि म्हणाल्या, की ही कवळी एकाच गालानं हसते. हे त्याला झटक्यापेक्षा जास्त लागलं. चौथ्या दिवशी घड्याळ बायकोच्या मनगटावर गेलं.

ती घर आणि दुकान यांच्यातला जिना दिवसातून दहादा चढायची, तयार कवळ्या दातांच्या दवाखान्यांत पोचवायची. पहिल्याच दिवशी सात हजार पावलं झाली. मुलगा फोनवर बापाचं तोंडभरून कौतुक करत होता आणि ती पोळपाट पुसत ऐकत होती. चाळीस वर्षांत तिच्या धावपळीचं पहिल्यांदाच कौतुक झालं, तेही नवऱ्याच्या नावानं.

दुसऱ्या महिन्यात त्याच्या घोट्यांवर सूज आली. जिन्यात तो मधेच थांबून भिंतीवरचा रंग न्याहाळू लागला; रंगात न्याहाळण्यासारखं काही नव्हतं. तपासणीला जाताना घड्याळ तेवढ्यापुरतं त्याच्या हातावर आलं. डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले, घोटे दाबले, इतकं चालूनही सूज कशी म्हणून विचारलं. दम लागतो का, छातीत जड वाटतं का, हेही विचारलं. तो म्हणाला, छे, मीठ जरा जास्त होतंय. म्हणजे दोष परत स्वयंपाकघरात.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “आत जा आणि खरं सांगा. नाहीतर मी सांगते.”

“सांग की. मग उद्यापासून मी घरी. दिवसभर. तुझ्यासमोर.”

तो गमतीनंच बोलला होता. तिनं मात्र मनात ते दिवस मोजून पाहिले आणि ती रिक्षा शोधू लागली.

त्यानंतर मनगटावर थरथर झाली, की ती जिना उतरून दुकानात यायची आणि त्याला उठा म्हणायची. तो म्हणायचा, हे चार दात झाले की. चार दात कधी संपत नसत. तिची पावलं तेवढी वाढली.

बाराव्या आठवड्यात, दुपारी, ती एका दवाखान्यात कवळीची डबी देऊन परतली तर तो टेबलावर कलला होता. दिवा जळत होता, मेण कापायची सुरी बोटांत होती. ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे धावली, तिथून रस्त्यावर, मग रुग्णालयाच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत. आतून नर्स येऊन सांगून गेली तेव्हा तिच्या पिशवीत त्याचा फोन वाजला. मुलाचा निरोप होता: बाबा, आज अकरा हजार. कमाल केलीत.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला मुलगा तेच सांगत होता. बाबा दर अर्ध्या तासाला उठायचे, एक दिवस चुकवला नाही, तरी गेले. काही उपयोग नसतो. खुर्च्यांत रुतलेली माणसं मान हलवत होती. दुःख होतंच, पण काहींच्या चेहऱ्यावर सुटकाही होती.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तरही आले होते. त्यांनाही वर्षापूर्वी झटका येऊन गेला होता आणि तेही दर अर्ध्या तासाचा गजर लावून उठायचे. आज गजर वाजला, तो त्यांनी बंद करून टाकला. म्हणाले, “वहिनी, मीही आता हे सोडतो. त्यांचं निभावलं नाही, तिथे माझं काय?”

ती गप्प राहिली असती, तर कुणालाच काही कळलं नसतं. मुलाकडे अभिमान राहिला असता, तिच्याकडे मुलगा.

“मास्तर, उठा,” ती म्हणाली. “ती पावलं माझी होती. ते बसूनच होते.”

मास्तर खुर्चीचा हात धरून उभे राहिले. मुलानं एवढंच विचारलं, “बाबांना त्रास होत होता, हेही तुला माहीत होतं?”

“होतं.”

दुसऱ्या सकाळी मुलगा आपल्या शहरात परतला. आता तो मास्तरांना फोन करून विचारतो, आई बरी आहे ना. ते खोलीत फेऱ्या मारत उत्तर देतात.

कवळीवाल्याचा जीव गेला, पण हवं तसं जगून गेला. मुलानं बापाचं कौतुक गमावलं. आईवरचा राग त्याला त्या जागी पुरतो. मास्तर फायद्यात राहिले. तिचा नवरा गेला, मुलगा दुरावला; आणि डॉक्टरीणबाईंच्या दाराशी ती गप्प राहिली, त्याची किंमत तिला रोज पुन्हा भरावी लागते.