एल्डनचं 'हो'

मेंढ्यांची लोकर कातरायची शेड जळाली आणि पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाला, एल्डनला, उचललं. ठाण्यातल्या टेपवर तो प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणाला होता. आग तू लावलीस? हो. दुसरा पुरावा नव्हता.

एल्डन मेंढ्या कातरणाऱ्या टोळीचा मुकादम. यंत्रांच्या घरघरीत त्याचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ दिसले तर त्याला कळायचं, नाही तर "हो" म्हणून मोकळा व्हायचा. गोऱ्या साहेबाला "परत सांगा" म्हणायची आम्हा इथल्या मूळच्या काळ्या माणसांना सवयच नाही. त्याच्या कानांचं फक्त मला ठाऊक होतं. टोळीतल्या पोरांना कळलं तर तोंड कुठे लपवू, असं त्याला वाटायचं.

गावातला वकील पाइक घरांची खरेदीखतं करायचा. कानांचं मी त्याला सांगितलं. "ज्युरीसमोर उभं राहून सांग, मी बहिरा आहे," तो म्हणाला.

"त्यापेक्षा जेल बरं," एल्डन म्हणाला.

"मग गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी होईल."

सरकारी मदतीतून सिडनीहून बॅरिस्टर आली. हेस्टर क्वेल तिचं नाव, आयुष्यभर फौजदारी खटलेच लढलेली. तिचा कोर्टात घालायचा घोड्याच्या केसांचा टोप बघून एल्डन म्हणाला, "बाई, हा कातरायला आधी माझ्याकडे आणायचा होता."

ती हसली, मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून तोंड वर धरून बोलली. त्याला ऐकू येत नाही हे टेप ऐकतानाच तिने ओळखलं होतं. "टेपवरची कबुली पुरावा म्हणून घ्यायची की नाही हे जज ठरवतात, तेव्हा ज्युरी बाहेर असते. पण मागच्या बाकांवर ऐकायला बसलेल्यांना मी बाहेर काढू शकत नाही."

एल्डनने माझ्याकडे पाहिलं. "ताई, आपल्या लोकांना बाहेर थांबव."

आमच्यातलं कुणी कोर्टात उभं राहिलं की सगळं गणगोत मागच्या बाकांवर बसतं. त्या सकाळी दोन गाड्या भरून माणसं आली होती. मी दारात आडवी उभी राहिले.

"आँटी, आम्ही काय त्याला लाज आणणार?" टोळीतला रस्टन म्हणाला.

"बाहेर बस म्हटलं ना. तोंड चालवू नकोस."

मी एकटी आत गेले. एल्डन साक्षीला उभा होता. सरकारी वकील कागदांत मान खाली घालून पुटपुटला, "पोलिसांचं सगळं तुम्हाला नीट ऐकू आलं, बरोबर?"

"हो," एल्डन म्हणाला.

मान वर करून विचारा, असं सांगायला पाइक ताडकन उठायला गेला. हेस्टरने त्याच्या बाहीवर हात ठेवून त्याला बसवलं.

सरकारी वकील खाली मानेनेच कुत्सितपणे म्हणाला, "की काहीच ऐकू आलं नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

तेव्हा सरकारी वकिलाने मान वर केली. जजने पेन खाली ठेवलं.

"मला काही विचारायचं नाही," हेस्टर म्हणाली.

सगळे आपल्याकडे का बघताहेत हे एल्डनला आधी कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. मानेपासून कपाळापर्यंत तो काळवंडला, आणि खाली बघत राहिला.

जजने टेप पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. टेपशिवाय सरकारी वकिलाच्या हातात काही उरलं नव्हतं. दुपारी त्याने खटला मागे घेतला.

हेस्टर एल्डनच्या समोर आली. "मी पाइकला उठू दिलं असतं, तर तुमची ही बेअब्रू टळली असती. पण तुम्ही आत गेला असता. माफ करा."

एल्डनने तिचा हात हातात घेतला, पण वर पाहिलं नाही. मागच्या दाराने जाऊन तो गाडीत बसला.

पुढच्या दाराशी सगळे माझ्याभोवती जमले. "आँटी, सुटला ना? काय म्हणाला तो आत? सांग की!"

"बॅरिस्टर हुशार होती," मी म्हणाले.

"ते कळलं गं. पण एल्डन काय बोलला?"

मी त्यांच्यातून वाट काढत गाडीकडे चालू लागले.