पुजलेला गुटका

मी गुटका बोलतोय. हसू नका. सागाचा, वीतभर जाडीचा, चांगला वजनदार गुटका आहे मी. पांढरकवड्याच्या हायवेवर फुलचंद राठोडच्या पंक्चरच्या टपरीत माझं आयुष्य गेलं.

जॅक ट्रक उचलतो, म्हणून सगळं कौतुक त्याचंच. पण तो मेला कधी सरकेल याचा नेम नाही. म्हणून फुलचंद मला एक्सलखाली सरकवायचा आणि मगच हात घालायचा. एकदा ट्रक खरंच खाली बसला. माझी पाठ चेपली, पण फुलचंदच्या बोटाला खरचटलंसुद्धा नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. नट खोलायचे पाने, लोखंडी टामी, जॅक आणि मी, सगळे झेंडूच्या फुलांत बसलो. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुपारी सोयाबीन भरलेला ट्रक टपरीसमोरच पंक्चर झाला. ड्रायव्हर देवीलाल गयावया करू लागला, तसा फुलचंद विरघळला. त्याने देवीलालचेच पाने आणि जॅक घेतले. माझ्या जागी रस्त्याकडेचा दगड लावला.

त्याची बायको लालीबाई म्हणाली, "गुटका तरी घ्या न."

"पुजेल हाय थो. आज कसा उचलू?"

चाक निघालं. एक नट चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमखाली घरंगळला. फुलचंदने उजवा हात आत घातला आणि मुरमात जॅक कलला. दगडाचे दोन तुकडे झाले. लालीबाई किंचाळली. आणि मी तिथेच, कुंकू लावून बसलेला! आजही माझा जीव जळतो.

चार बोटं गेली. तांड्यातले लोक म्हणाले, नवमीला काम केलं म्हणून देव कोपला. तेव्हापासून, एकदा फुलचंदला वाचवणारा मीच देव समजून, लालीबाईने मला टपरीतल्या देवाच्या फळीवर ठेवलंय. रोज उदबत्ती ओवाळते, कुणाला हात लावू देत नाही.

टपरी आता फुलचंदचा धाकटा भाऊ संजय चालवतो. आत्ताच एक ट्रक जॅकवर चढवून तो खाली शिरलाय. एक्सलखाली दुसरा आधार नाही. फुलचंद बाजेवरून म्हणाला, "गुटका लाव रे आधी."

लालीबाई फळीसमोर आडवी उभी राहिली. "देवाले ट्रकखाली कसं घालू?"

लालीबाई, अगं मी देव नाही, लाकूड आहे. ती उदबत्ती राहू दे. मला उचल आणि संजयच्या हाताशेजारी ठेव.