सात नंबरची चादर

“सात नंबरची वेगळी भिजव गं,” मेट्रन धुण्याच्या खोलीच्या दारातूनच म्हणाली. आत पाऊल टाकायची तिची तयारी नव्हती. “मंगळवारी तपासणीला कमिटी येतेय. चादरी अशा निघाल्या पाहिजेत की बघत राहतील.”

“सात नंबरच्या बाईंना पाठीला जखम झालीय,” मावशी म्हणाली. “आता नुसतं रक्त नाही, पू आहे. वास मारतोय.”

“तू इथं धुवायला आहेस की डॉक्टर म्हणून?”

मेट्रन गेली. मावशीने चादर टबात सोडली.

चर्चच्या मंडळीच्या या वृद्धाश्रमात ती बावीस वर्षं कपडे धूत होती. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेही तिला मावशीच म्हणत. घाणीची किळस तिला पहिल्या वर्षातच सोडून गेली होती. ओकारी, लघवी, थुंकी, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. चादरीवरून तिला माणूस कळायचा: कुणी जेवलं नाही, कुणाला कुशीवर वळवलंच नाही, कोण रात्रभर तळमळलं. सात नंबरचा डाग तीन आठवड्यांपूर्वी नाण्याएवढा होता. मग तळव्याएवढा झाला. आज बशीएवढा होता. चाळीस खाटांना दोन आया, त्यातली एक सकाळभर मेट्रनच्या घरी स्वयंपाक करायची. बाईंना वळवणार कोण?

बाई म्हणजे रविवारच्या वर्गाच्या बाई. मावशी सात वर्षांची असताना त्यांनीच तिला प्रार्थना शिकवली होती. आता अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी ज्ञानावर उपदेश केला. चाळीस मिनिटं. आवाज गोड, शब्द घोटीव. खरं ज्ञान वरून येतं, असं त्यांनी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा बोट वर केलं. उपासना संपल्यावर मावशीने त्यांना पायरीवर गाठलं.

“साहेब, बाईंना एकदा बघून या. आत्ताच.”

“कानावर आलंय माझ्या,” ते हळूच म्हणाले. “पण मावशी, कमिटी येऊन जाऊ दे. आत्ता बोभाटा झाला तर नाव मंडळीचं जाईल. जरा शहाणपणानं घेऊ.” बोलता बोलता त्यांनी रुमाल काढून नाकाशी धरला. मावशीच्या हातांना ब्लीचचा वास येत होता.

तिला किळस आली. बावीस वर्षांत कुठल्या चादरीची आली नव्हती अशी. त्यांना ठाऊक होतं! ठाऊक असूनही त्यांनी सकाळी ते बोट वर केलं होतं.

घरी नवऱ्याचं तेच. “दोन वर्षांत नोकरीतून सुटशील. शहाणी असशील तर तोंड मिटून बस.”

“ज्याच्या त्याच्या तोंडी शहाणपण,” ती म्हणाली. “शी!” आणि ताट सरकवून उठली.

सोमवारी चादर पुन्हा आली. मावशीने ती उकळत्या पाण्यात टाकली, वरून ब्लीच ओतलं, लाकडी दांड्याने ढवळली. डाग पिवळा झाला, फिका झाला, गेला. तिने चादर उजेडात धरली. पांढरीशुभ्र. मेट्रनने पाठ थोपटली असती.

आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. जखम बाकीच्यांनी तोंडाने लपवली होती. पुसून टाकत होती ती मात्र हीच, रोज, स्वतःच्या हातांनी.

ती टबाच्या कडेवर बसली. बाई म्हणायच्या, “अक्कल तोकडी पडली ना पोरी, तर देवाजवळ माग. तो हसत नाही, हिणवत नाही. देतो.” मावशीने डोळे मिटले. “प्रभू, मला अक्कल दे,” ती म्हणाली. याहून जास्त काही सुचेना.

आवाज आला नाही की वचन आठवलं नाही. आली ती भीती. कमिटीला फसवता येईल, पाळकांना तर फसवून घ्यायचंच होतं. पण प्रत्येक चादर प्रभूने पाहिली होती, धुण्याच्या आधी. ज्याच्या स्वतःच्या हातापायांना खिळ्यांच्या जखमा, त्याच्यापासून ती जखम लपवायला निघाली होती. मग लक्षात आलं, या भीतीपुढे मेट्रनची भीती कुठल्या कुठे गेली होती.

मंगळवारी कमिटी आली, तीन पुरुष आणि एक बाई. सोबत पाळकसाहेब. वॉर्डभर सेंट फवारलं होतं. सात नंबरच्या खाटेशी मेट्रन घाईने म्हणाली, “या झोपल्यात. पुढे चला.”

मावशीने हातातली चादरींची चळत खाली ठेवली. “बाईंना वळवायची वेळ झालीय.” तिने एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि बाईंना अलगद कुशीवर केलं.

सेंट हरलं. जखमेत हाड दिसत होतं. कमिटीतली बाई खिडकीकडे धावली. एकजण स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. पाळकसाहेबांचा रुमाल नाकाशी गेला.

“हिला कुणी विचारलं मध्ये पडायला?” मेट्रन ओरडली.

“तीन आठवडे मी हे धुतलंय,” मावशी कमिटीला म्हणाली. “मला माहीत होतं. माझाही दोष आहे. तोही लिहून घ्या.”

“मावशी,” कमिटीचे अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, “हे नंतर खासगीत सांगता आलं असतं. थोडा शहाणपणा—”

“तो तीन आठवडे केला मी, साहेब. त्याचंच हे झालंय.”

संध्याकाळी डॉक्टर आला. मेट्रनच्या घरची आया वॉर्डात परतली. मेट्रन आपल्या जागी राहिली. मावशीला महिनाअखेरीनंतर येऊ नकोस म्हणून सांगितलं. नवरा दोन दिवस वेगळा जेवला.

महिना संपल्यावरही ती येत राहिली, भेटीच्या वेळेत, इतर नातेवाइकांसारखी. जखम पुसायची, बाईंना वळवायची. डॉक्टरने सांगितलं होतं, उशीर झालाय. बाई पुढच्या महिन्याचे एकोणीस दिवस जगल्या.

शेवटच्या दुपारी ती त्यांना वळवत असताना त्यांनी चालत्या हाताने तिचं मनगट धरलं. नखं रुतली. काही म्हणायचं होतं की नुसतं दुखत होतं, कळायला मार्ग नव्हता. मावशी अर्धवट वाकलेली होती, कंबर भरून आली होती. पकड सुटेपर्यंत ती तशीच वाकून राहिली.