कर्नलच्या घरी छपाई होते

कर्नलनी प्रिंटचं बटण दाबलं की कर्नलीणबाईंना आतल्या खोलीतल्या शाली आठवत. हातातलं काम टाकून त्या आत जात, दार लोटून घेत, आणि थोड्या वेळाने बैठकीतला प्रिंटर खरखरत कागद बाहेर टाकी. कर्नल तो कागद उजेडात धरून मान डोलवत. "आला बघ," ते म्हणत. "वेळ घेतो, पण येतो." हे गेली कित्येक वर्षं चाललं होतं. इतक्या वेळा घडी घातलेल्या शाली त्या इमारतीत दुसऱ्या कुणाकडे नसाव्यात.

कर्नल लष्करात कधीच नव्हते. पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली. पण संगणकाच्या प्रणालीचा जो अगदी गाभा, ज्याला जाणकार कर्नल म्हणतात, त्याच्याबद्दल ते जिन्यात भेटेल त्याला इतकं सांगत की एक दिवस रखवालदाराने त्यांना टाच जुळवून सलाम ठोकला. नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको ओघानेच कर्नलीणबाई झाली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण त्या घरात तिला न विचारता झालेल्या गोष्टींची यादी केली तर ही फार खाली आली असती.

कर्नलचं म्हणणं साधं होतं. संगणक चालवणारी प्रणाली कुणा कंपनीच्या मालकीची नसावी. ती मुक्त असावी, म्हणजे तिच्या पोटात काय लिहिलंय ते कुणालाही उघडून वाचता यावं. त्यांनी स्वतः ते कधी उघडून वाचलं नव्हतं. पण वाचायचं म्हटलं तर वाचता येईल, या विचाराने त्यांना गाढ झोप लागे. मुक्त प्रणालींचेही पंथ बरेच. कर्नल टिटवी पंथाचे. टिटवी हे त्या प्रणालीचं नाव, आणि संगणक सुरू केला की पडद्यावर आधी एक टिटवी येऊन उभी राही. कधीकधी ती तेवढीच येई.

घरातल्या बाकीच्या वस्तूही कर्नलनी एकेक करून मुक्त केल्या होत्या. दाराची घंटा त्यांनी स्वतः टिटवीवर बसवली होती, ती साधारण पाहुण्याचा चहा होत आला की वाजे. फोनमधून पाळत ठेवणारं सगळं त्यांनी उपटून काढलं, त्याबरोबर निरोप येण्याची सोयही निघून गेली. तेव्हापासून कर्नलना जे कळवायचं ते लोक कर्नलीणबाईंना कळवत. व्हिडिओवर बोलताना त्यांचा आवाज पलीकडे पोचत नसे. त्यांची परगावची मेहुणी म्हणे, भावोजींसारखा ऐकून घेणारा माणूस पाहिला नाही.

आणि प्रिंटर. कर्नलनी त्याच्या मागे साबणाच्या वडीएवढी एक डबी बसवली होती. बटण दाबलं की पान घरातल्या एका सामायिक फोल्डरमध्ये जाऊन पडायचं आणि तिथून ते डबीने उचलून छापायचं, अशी योजना. बसवली त्या संध्याकाळी खरोखर एक पान निघालं. शेजाऱ्यांना बोलावून ते दाखवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी काहीच निघालं नाही. कर्नल त्या डबीसमोर उकिडवे बसून राहिले. कर्नलीणबाई दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर काम करत. आता आपल्याला काय ऐकावं लागणार, या भीतीने बसलेला माणूस त्यांना मागून पाहूनही ओळखू येई. त्या उठून आत गेल्या. बहिणीने नवा घेतला म्हणून देऊन टाकलेला लॅपटॉप कपाटात शालींखाली पडून होता. त्याच्यावर कंपनीची, म्हणजे या घरात बंदी असलेली, प्रणाली होती. प्रिंटर त्या लॅपटॉपला सख्ख्या भावासारखा ओळखत होता. त्यांनी फोल्डरमधलं पान उघडलं आणि छापलं. फक्त आजच्या दिवस, असं स्वतःला बजावून.

बाहेर कर्नल लहान मुलासारखे ओरडले. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार? पुढे डबीचा प्लग काढून त्या जागी कर्नलीणबाईंचा फोन चार्जिंगला लागू लागला, आणि डबी नुसतीच शोभेला राहिली. घराचा कर, विम्याचे कागद, बँकेचं सगळं शालींखालून होत असे. कर्नल मात्र भाषणांत सांगत की आमचं घर कंपन्यांच्या जाळ्यातून पूर्ण सुटलंय, आणि बघा, काही अडत नाही.

अडलं ते लेकीच्या लग्नावर.

लेकीने एका रविवारी जेवताना सांगितलं की तिने मुलगा पसंत केलाय. लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर आहे, बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो. आईने विचारलं, घरी कोण कोण असतं. वडिलांनी विचारलं, प्रणाली कुठली वापरतो.

"मुक्तच, बाबा."

कर्नल ताटावरून अर्धे उठले. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. "टिटवी?"

"खंड्या."

कर्नल परत बसले.

खंड्या ही टिटवीतूनच फुटून निघालेली प्रणाली. पडद्यावरची खिडकी बंद करायची फुली उजव्या कोपऱ्यात असावी की डाव्या, यावरून टिटवी बनवणाऱ्यांत जुंपली होती. डावीकडचे तडकून निघून गेले आणि त्यांनी खंड्या काढली. बाकी दोन्हींत फरक करायचा तर तो पक्ष्याच्या चित्रावरूनच करावा लागे. पण कर्नलच्या दृष्टीने हे दुखणं आतलं होतं.

"त्यापेक्षा कंपनीवाला आणायचास," ते म्हणाले. "तो बिचारा चुकतो कारण त्याला माहीत नसतं. याला सगळं माहीत आहे, आणि तरी हा खंड्या वापरतो."

"बाबा, मला फुलीशी लग्न नाही करायचं."

"आज फुली आहे. उद्या काय काय डावीकडे नेईल."

शेवटी पुढच्या रविवारी त्याने घरी यावं, मग बघू, असं ठरलं. रात्री भांडी आवरताना लेक आईला म्हणाली की लग्न तर ती करणारच. पण बाबा कोपऱ्यात तोंड पाडून बसलेत आणि लोक येऊन विचारतायत, तब्येत बरी नाही का, असलं लग्न तिला नको होतं. तेवढं कर, आई. कर्नलीणबाई हो म्हणाल्या. दवाखान्यातही त्या सगळ्यांना हो म्हणत, जरासंच दुखेल म्हणत, आणि मग आतून आवाज येत.

रविवारी तो जिना चढून आला. लिफ्टमध्ये बसलं की तिच्यात काय बिघडलंय ते ऐकू येतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो तिच्या वाटेला जात नाही, असं त्याने सांगितलं. न चालणारी वस्तू तशीच ठेवून तो पुढे जाऊ शकत नाही, हे लेकीने आधी कौतुकाने सांगितलं होतं. आता ते आठवून कर्नलीणबाई उठून आतल्या खोलीचं दार लोटून आल्या. त्याने घंटा दाबली, वाट पाहिली, मग दार वाजवलं. चहाचे कप अर्धे झाल्यावर घंटा वाजली तेव्हा सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"बसा, बसा," कर्नल म्हणाले. "ते तुम्हीच."

मग प्रणालींवर बोलणं सुरू झालं. दोघेही इतके अदबीने बोलत होते की कर्नलीणबाईंना त्याचीच धास्ती वाटली. फुली उजवीकडे का, यावर कर्नलनी मेंदूची रचना सांगितली. पाहुण्याने मेंदूचीच रचना सांगून ती डावीकडे आणली. कर्नल म्हणाले, तुमची माणसं घाई करतात. तो म्हणाला, काका, तुमची माणसं अजून उठायची आहेत. लेकीने बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली नाहीत.

"बोलून काय उपयोग," कर्नल शेवटी म्हणाले. "चालतं का ते बघा. या घरात कंपनीचं काही म्हणजे काही नाही." आणि त्यांनी 'टिटवीच का?' हा आपला लेख उघडून प्रिंटचं बटण दाबलं.

कर्नलीणबाई शाली बघायला आत गेल्या.

थोड्या वेळाने लेख आला. पाहुण्याने तो घेतला, पण वाचेना. त्याची मान प्रिंटरकडे कलली होती. "हा मधे एवढा वेळ काय करत होता?"

"विचार," कर्नल म्हणाले.

एवढ्यात घंटा पुन्हा वाजायला लागली आणि थांबेचना. कर्नल तिला थांबवायला स्टुलावर चढले. कर्नलीणबाई स्टूल धरायला गेल्या, कारण मागच्या वेळी ते घंटेसकट खाली आले होते. तेवढ्यात पाहुणा उठला आणि प्रिंटरच्या मागे वाकला. डबीचा दिवा बंद होता, प्लग जमिनीवर होता, त्याच्या जागी कुणाचातरी फोन चार्ज होत होता. शालींखालचं सगळं ठाऊक असलेल्या लेकीने डोळे वटारले. त्याला वाटलं, ही कौतुकाने बघतेय. त्याने फोन काढून प्लग लावला, कर्नलच्या कीबोर्डवर दोन ओळी बदलल्या, डबीचा दिवा हिरवा झाला, आणि तो सभ्य माणसासारखा परत जागेवर येऊन बसला. मेलेली डबी चालू केल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. ती मेलेली असताना मघाचा लेख कुठून आला, हा प्रश्न मागून हळूहळू जिना चढून येत होता. तो पोचायच्या आत कर्नल पोचले.

"तुमच्या आईवडिलांसाठीही एक प्रत घेऊन जा," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

कर्नलीणबाई आत गेल्या, दार लोटलं गेलं. प्रिंटर ताबडतोब गुरगुरला. लेखाची पानं भराभर आली. कर्नल आनंदाने काही बोलणार, तोच प्रिंटर परत गुरगुरला आणि तोच लेख पहिल्या पानापासून पुन्हा येऊ लागला.

कर्नलनी दोन्ही प्रती दोन हातांत धरल्या. "दोन?"

आतलं दार उघडलं. कर्नलीणबाई खांद्यावर शाल टाकून बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या दोन्ही हातांकडे बघून जागीच थबकल्या. बाहेर उकाडा मी म्हणत होता, खिडकीतला पंखा आचके देत होता. पाहुण्याने शालीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग डबीकडे. लेक जमिनीकडे बघत होती. बिघाड कुठे आहे हे ओळखणं त्याचा धंदाच होता.

"एकदा दाबलं मी," कर्नल म्हणाले. त्यांचा आवाज तोच होता, डबीसमोर उकिडवे बसले होते त्या दिवसाचा. "एकदाच दाबलं. दोन कशा आल्या?"

पाहुण्याने घसा साफ केला. "बग आहे काका. जुना आहे. कधीकधी दोनदा छापतं."

"टिटवीत?" कर्नलचे कान ताठ झाले.

न चालणारी वस्तू तशीच सोडून पुढे जायचा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच आला असावा. तो जड जिभेने म्हणाला, "खंड्यातही आहे."

कर्नलनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत चर्चापीठांवर, सभांत, जिन्यात त्यांनी खंड्यावाल्यांशी वाद घातले होते. खंड्यात काही चुकतंय असं खंड्यावाल्याच्या तोंडून त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. ते उठले आणि आपल्या संगणकासमोरची खुर्ची ओढून त्याच्या शेजारी ठेवली. त्या खुर्चीत ते घरातल्या कुणालाही बसू देत नसत.

"मग आपल्याला हे कळवलं पाहिजे," ते म्हणाले. "मुक्त प्रणालीत गप्प बसणं हा गुन्हा आहे. बसा इथे. तुम्ही खंड्याचं लिहा, मी टिटवीचं लिहितो."

मुक्त प्रणालींच्या लोकांत काही बिघडलेलं दिसलं की ते जगासमोर रीतसर मांडायची पद्धत असते. जिने ते बिघडवलं होतं ती बाई शाल खांद्यावर घेऊन मागे उभी आहे, हे माहीत असणाऱ्या माणसाला त्या दुपारी ते मांडावं लागलं. कर्नलनी प्रत्येक शब्दावर वाद घातला आणि जेवायला थांबवून घेतलं. जाताना त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. परत येऊन म्हणाले, "फुलीचं पटत नाही त्याचं. पण माणूस प्रामाणिक आहे."

कर्नलीणबाई शाल घडी करत हो म्हणाल्या.

लग्न झालं. कर्नल पुढच्या रांगेत बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जावयाच्या घरातली प्रणाली सांगत राहिले. त्यानंतरच्या एका रविवारी लेक-जावई जेवायला आले, तेव्हा कर्नलनी त्या बगला आलेली उत्तरं वाचून दाखवली. त्यांची अपेक्षा एखाददुसऱ्याची होती. आली होती ती कुठून कुठून, नकाशात शोधाव्या लागतील अशा गावांतून. आमच्याकडेही दोन निघतात. आमच्याकडे एकच निघते, पण वेळ लागतो. एका गृहस्थाने फार बारकाईने लिहिलं होतं: पत्नी परगावी गेली असता छपाई पूर्णपणे बंद पडते, ती परतताच आपोआप सुरू होते, कारण अद्याप सापडलेलं नाही.

"वायफायचा काहीतरी संबंध असणार," कर्नल म्हणाले.

लेकीला ठसका लागला. कर्नलीणबाईंनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "अहो, तिथे त्या लोकांच्या बायकांना लिहिता येतं का?"

"येतं की. मुक्त आहे. पण त्यांना काय लिहायचं असणार त्यात?" असं म्हणून कर्नलनी सगळी उत्तरं छापायला बटण दाबलं.

काही आलं नाही. आदल्याच दिवशी टिटवीची नवी आवृत्ती त्यांनी हौसेने चढवली होती, आणि डबीचा दिवा लाल होऊन बसला होता. कर्नल प्रिंटरकडे बघत राहिले. त्यांचे खांदे किंचित खाली आले. जावयाची नजर डबीवर गेली. तिच्या दोन ओळी बदलायला त्याला हात धुवायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. पण मग सासऱ्यांना नव्या आवृत्तीत काय बिघडलं ते सांगावं लागलं असतं.

कर्नलीणबाई खुर्ची सरकवून उठू लागल्या.

"तुम्ही बसा, आई," जावई म्हणाला. "शाली मी घडी करतो."