मासा नसलेली टाकी

सोलापुरात समुद्र कुठला? पण दर्यानंद महाराजांनी तो काचेत भरून मठात ठेवला होता, आणि तो बघायला दर गुरुवारी सकाळी नऊलाच चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत यायचा.

पुरुषभर लांब टाकीत नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे संथ फिरत होते. समोर अकलूजच्या सोजरबाई सांगत होत्या, "माज्या घरात चार मासं मेलं बगा. म्हाराज म्हणलं, घरात शेवटी कोण आलं? म्हणलं, सून. तिला म्हायेरी धाडली, ह्यो मठातला दगूड पाण्यात ठिवला, अन् मासा जगला की! सात म्हयनं झालं."

गर्दी भारावली. गर्दीतल्या मालतीबाईंच्या अंगावर काटा आला. मुलाच्या, अनीशच्या लग्नानंतर पंधराव्या दिवशी त्यांचे यजमान चिंतामणराव जिन्यावरून पडले होते. खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेले.

"समुद्र खोटं बोलत नाही, माई," महाराज म्हणाले. त्यांच्या मनगटावर दोन घड्याळं होती. एक नेहमीच्या वेळेचं, एक समुद्राच्या भरतीचं. "घरातला दोष डॉक्टरला कळायला महिने लागतात. माशाला तीन दिवस."

*

मठाचं पत्रक:

टाकी नवी, पाणी नवं, मीठ मठाचं.
मासा त्याच दिवशी सोडावा.
सकाळ-संध्याकाळ माशाला मूठभर दाण्यांचा नैवेद्य.
पाणी बदलू नये.
मासा मेल्यास, घरात शेवटी आलेल्या माणसाचं नाव कळवावं.

*

मालतीबाईंच्या घरी पहिला मासा चौथ्या दिवशी गेला. दुसरा तिसऱ्या. तिसरा दोनच दिवस टिकला. पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत राहिला, जणू पाणीच त्याचा गळा आवळत होतं.

मालतीबाईंनी सुनेचं नाव कळवलं. ऋतुजा.

"अमावास्येआधी तिला माहेरी, मोडनिंबला सोडा," महाराज म्हणाले. "ती गेली की दगड मी स्वतः आणतो. आणि दगड आल्यावर नैवेद्य चिमूटभरच, हं."

त्या दिवसापासून सुनेनं केलेला चहा मालतीबाई गुपचूप बेसिनमध्ये ओतू लागल्या.

"आई म्हणतेय तर जा ना आठ-पंधरा दिवस," अनीश म्हणाला.

"सोजरबाईंची सून सात महिने झाले माहेरीच आहे," ऋतुजा म्हणाली. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सांडपाणी तपासणं हे तिचं काम. ती सासूकडे वळली. "आई, दीड महिना द्या. मठाचा दगड नको, मासाही नको. नुसती टाकी. मग मासा सोडू. मेला तर माझी बॅग मीच भरीन."

*

दिवस १. टाकी धुतली. पाणी नवं. मासा नाही.

दिवस २. मालतीबाईंनी दाराआडून पाहिलं. सून बिनमाशाच्या टाकीत पांढरी पूड टाकत होती. मग काचेच्या नळीवर वाकली, तेव्हा तिचे ओठ हलत होते.

दिवस ९. पुन्हा पूड. पुन्हा ओठ.

दिवस १६. काचेवर तपकिरी साय धरली. चिंतामणरावांना ताप भरला. मालतीबाईंनी मठात फोन लावून पुडीचं सांगितलं. महाराज म्हणाले, "ती विष पेरतेय, माई. आजच काढा तिला."

मालतीबाईंनी माळ्यावरची बॅग ओढून दारात आपटली. "काय टाकतेस गं त्यात? माझ्या नवऱ्याच्या नावानं?"

ऋतुजानं पूड त्यांच्या तळहातावर ठेवली. "नवसागर. कल्हईवाला वापरतो ना, तो."

"आणि मंत्र?"

"थेंब मोजते, आई. पाणी तपासायचे."

"पण हे विषच ना?"

"हो. माशाच्या घाणीतून आणि कुजलेल्या दाण्यांतून पाण्यात जे अमोनियाचं विष तयार होतं, तेच. मासा मारण्यापेक्षा पूड बरी." तिनं काचेची नळी पुढे केली. "हिरवा रंग म्हणजे अमोनिया. उद्यापासून तुम्हीच बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

चिंतामणरावांचा ताप लघवीच्या संसर्गाचा निघाला. गोळ्यांनी उतरला. बॅग मात्र दारातच राहिली.

दिवस २२. हिरवा फिका. दुसऱ्या नळीत जांभळा चढला.

दिवस ३१. हिरवा गेला. जांभळा जाईना. मालतीबाईंना झोप नाही.

दिवस ४०. आदल्या दिवशीच्या पुडीचा मागमूस नाही. जांभळाही नाही.

"कुठं गेली गं?"

"खाल्ली."

"कोणी?" मालतीबाई मागे सरकल्या.

"जिवाणूंनी. वाळूवर, दगडावर वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तोच जांभळा रंग; काही नायट्राइटचं नायट्रेट. ते माशाला फारसं बाधत नाही. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. पुडीतला अमोनिया खाऊन वाढायला महिना-दीड महिना लागतो. महाराजांचा दगड वर्षानुवर्षं जुन्या टाकीत पडलेला. त्याच्या भोकाभोकांत ते भरलेले. म्हणून दगड आला की मासा जगतो."

"आणि मूठभर नैवेद्य..."

"विष लवकर चढावं म्हणून."

दिवस ४२. निम्मं पाणी बदललं. मासा सोडला. दाणे चिमूटभर.

दिवस ५६. मासा फिरतोय. ऋतुजा घरातच आहे.

मालतीबाईंचे डोळे भरले. "चुकलेच मी. जगला बघ तो."

"आणि उद्या म्हातारा होऊन मेला तर?" ऋतुजा म्हणाली.

 मालतीबाईंनी दारातली बॅग स्वतः उचलून माळ्यावर टाकली.

*

पुढच्या गुरुवारी त्या मठात उभ्या राहिल्या. हातात नळ्या, समोर तीच गर्दी.

"महाराज, इथं तर दोष नाही ना? मग इथंच नवी टाकी भरा. दगड न ठेवता. पाणी रोज मी तपासते, सगळ्यांसमोर."

"देवस्थानात परीक्षा नसते, माई."

"मग माझ्या घरात कशी चालली?"

महाराज घड्याळाकडे बघू लागले. बहुधा भरतीच्या. मालतीबाईंनी गर्दीकडे तोंड वळवून सगळं सांगितलं. दगड, दाणे, पूड, रंग.

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हंजी मासा जगला, तवा सून चांगली. असंच की?"

"नाही हो!" मालतीबाईंचा आवाज चिरकला. "मासा मेला असता तरी ती चांगलीच होती. मासा पाण्यानं मरतो. आमचे हे ओल्या पायरीवरून घसरले. कारण जिथं आहे तिथं शोधा, बाबांनो. नाही सापडलं तर 'माहीत नाही' म्हणा. त्यात लाज कसली? पण माहीत नाही म्हणून घरातलं माणूस दाराबाहेर काढू नका. मी काढत होते."